गोष्टीतला दादा, घरातला दादा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही २९ वर्षांचे, केज तालुक्यातले. पदवी झाल्यावर राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेलात, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलात, पण शेवटच्या यादीत नाव आलं नाही. गेल्या वर्षी गावी परतलात. शेत थोरले भाऊ बघतात आणि पुण्याचा खर्चही त्यांनीच चालवला होता. आता घरी पाहुणे आले की ते ‘आमचे साहेब आले बघा’ म्हणतात आणि तुम्हाला तिथून उठून जावंसं वाटतं. डोक्यात दिवसभर कुणीतरी तुमचीच गोष्ट सांगत असतं, असं तुम्ही लिहिलंय. तिच्यात तुम्ही हरलेला नायक, दादा खलनायक, आई कोपऱ्यात गप्प आणि गाव म्हणजे बघे. त्यात कुठल्याशा रीलमध्ये ‘आपल्या आयुष्याचे मेन कॅरॅक्टर बना’ असं ऐकलंत आणि जास्तच गोंधळलात. शेवटी विचारलंय की आयुष्याकडे गोष्ट म्हणून बघणं हाच मुळात दोष आहे का, आणि ते थांबवायचं कसं.

मी लातूरला समुपदेशनाचं काम करते. परीक्षांमधून परतलेली मुलं, भाऊभाऊ, सासूसून, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मोठी झालेली लेकरं अशी माणसं माझ्याकडे येतात. तुमच्यासारखा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हे थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि एक उघडझाप होणारा चौकोन, एवढंच. ना चेहरे, ना आवाज. ३४ जणींना ती दाखवून ‘काय दिसलं ते लिहा’ असं सांगितलं, तर एक सोडून बाकी सगळ्यांनी त्या आकृत्यांना जिवंत करून टाकलं. मोठा त्रिकोण दांडगट झाला, गोल घाबरलेला, छोटा त्रिकोण त्याच्या मदतीला धावलेला. कागदी आकारांनाही आपण पात्रं करतो, मग एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना कसे सोडू? कुठून आलो, कुठं चाललो, कोण आपलं आणि कोण आडवं आलं हे लावल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळखच धरून ठेवता येत नाही. त्यामुळे तुम्ही आयुष्याची गोष्ट करता याची मला अजिबात काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल पुष्कळ आहे. कोणत्या रात्री झोप लागली नाही, निकालाच्या दिवशी खोलीवर कोण कोण होतं, कट-ऑफ बघताना मोबाइल हातातून कसा पडला. दादांबद्दल मात्र एकच वाक्य आहे, ‘साहेब आले बघा’. ते सकाळी किती वाजता उठतात, त्यांच्यावर कर्ज आहे का, त्यांनी शिक्षण कधी सोडलं, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या गोष्टीत आतून दिसणारा माणूस एकच आहे, तुम्ही. बाकीचे फक्त बाहेरून दिसतात, येतात, एखादं वाक्य बोलतात आणि जातात. दुखणं माझ्या मते इथं आहे.

माणूस असाच वागतो, यात तुमचा काही विशेष दोष नाही. १९७१ मध्ये जोन्स आणि निस्बेट यांनी एक मुद्दा मांडला होता. आपण स्वतःच्या वागण्याची कारणं परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याची त्याच्या स्वभावात. मी चिडलो कारण रात्रभर लाइट नव्हती. तो चिडला कारण तो तापटच आहे. पुढं २००६ मध्ये बर्ट्रम माले यांनी या विषयावरचे १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरसकट बघता हा फरक फारसा उरला नाही. पण वाईट प्रसंगांत तो होताच. म्हणजे सगळं सुरळीत असताना आपण एकमेकांना बरं ओळखतो, आणि बिनसलं की समोरच्याचा एकदम ‘स्वभाव’ होतो. तुमच्या घरात सध्या बिनसलेलं आहे. अशा वेळी दादांचा स्वभाव तुम्हाला फार स्पष्ट दिसत असेल, तर त्या स्पष्टपणावर जरा अविश्वास ठेवा.

उलट बाजूही आहे, आणि तुमच्या पत्रात ती मला जास्त बोचली. परिस्थिती विसरून सगळं स्वभावावर ढकलायचं, हे तुम्ही दादांशी करता तसंच स्वतःशीही केलंय. ‘मीच कमी पडलो, माझ्यात ती जिद्दच नव्हती.’ त्या वर्षांत काय काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा कोविडमध्ये पुन्हा पुन्हा पुढं गेली. १४ मार्च २०२१ ची तारीख अगदी तोंडावर रद्द झाली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि मग ती २१ मार्चला झाली. पुढं मुख्य परीक्षेत सविस्तर उत्तरं लिहायची वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून येणार म्हणून तयारीची दिशाच बदलायची वेळ आली, पुन्हा आंदोलन झालं आणि ती २०२५ वर गेली. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. या सगळ्यात एका मुलाचं नाव यादीत न येणं ही जिद्दीची परीक्षा कशी ठरते? तुमचा अभ्यास कसा होता ते मला माहीत नाही, कदाचित कुठं कमी पडलाही असाल. पण तुमच्या गोष्टीतून ही परिस्थिती पूर्ण गायब आहे. जिथून ती गायब होते, तिथं फक्त हीरो आणि व्हिलन उरतात.

ही हीरोची गोष्ट तुम्ही एकट्यानं रचलेली नाही, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे फाट्या-फाट्यावर फ्लेक्स लागतात, ‘अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली मामा, काका, मित्रमंडळ, सगळ्यांचे फोटो. मग गावातून मिरवणूक, शाळेत सत्कार, यूट्यूबवर मुलाखत. मुलाखतीत एक ठरलेली गोष्ट असते, गरिबी, अपयश, जिद्द, यश. या साच्यात यश आलं नाही तर गोष्ट मधेच तुटते. परत आलेल्या मुलांची गोष्ट सांगायला आपल्याकडे साचाच नाही. त्यामुळे हजारो मुलं गावात परत येऊन अर्धवट राहिलेल्या गोष्टीत राहतात. कुणी दुकान टाकतं, कुणी क्लासवर शिकवायला लागतं, कुणी शेती बघतं, आणि तरी विचारलं तर सांगतात, ‘सध्या काही नाही’. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण काही नाही असं नसतंच.

आता एक अनुभव सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत, पण गाभा खरा आहे. बीड जिल्ह्यातली एक मुलगी, नर्सिंग शिकलेली. तिचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे आणि पाच-सहा महिने ही आजीजवळ. तिच्या आयुष्याच्या गोष्टीचं पहिलं वाक्य होतं, ‘आईनं मला टाकलं’. पुरावा काय, तर ती रोज संध्याकाळी शेजारच्या काकांच्या फोनवरून आईला फोन लावायची आणि आई उचलायची नाही. कधी रिंग जायची, कधी बंद लागायचा. मुलगी रोज फोन लावते आणि आई उचलत नाही, यातून ‘तिला मी नको होते’ हा अर्थ तिनं दहाव्या वर्षी काढला आणि पंचविशीपर्यंत सांभाळला. आईबरोबर बोलणं जवळजवळ बंद होतं.

मी तिला आईला माफ कर असं म्हटलं नाही. आईला एकच गोष्ट विचारून ये म्हटलं, फडावरचा एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, घड्याळाप्रमाणे. ‘का’ असं कुठंच विचारायचं नाही. ती नाखुशीनं गेली आणि लिहून घेऊन आली. पहाटे अंधारात उठून भाकरी. उजाडायच्या आत फडात. वडील तोडायचे, आई मोळ्या बांधायची. दुपारनंतर गाडी भरायची पाळी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. गाडी कधी संध्याकाळी लागायची, कधी रात्री. फोन खोपीत असायचा. खोपीत लाइट नाही, म्हणून चार्जिंगला रस्त्यावरच्या हॉटेलात ठेवायचा, दहा रुपये देऊन, आणि तो रात्री घ्यायचा. मुलगी फोन लावायची ती वेळ गाडी भरायची. त्या दिवसाच्या वर्णनात आईनं मधेच एक वाक्य सांगितलं होतं. फोन हातात यायचा तेव्हा मिस कॉल दिसायचे, पण तोवर शेजारचे काका झोपलेले असतील म्हणून उलटा लावायचा नाही.

हे वाचून ती मुलगी रडली नाही, की धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली नाही. बराच वेळ तिनं कागदाची घडी घातली आणि उलगडली. पुढच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, राग आहेच, पण आता तो उचलीवर, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर, जास्त आहे, ते देणाऱ्या मुकादमावर जास्त आहे, आणि आजीला एकटीला सगळं करावं लागलं यावर आहे. आईच्या वाट्याला त्यातला थोडाच उरलाय. मला हे पुरेसं वाटलं. आई देवी झाली नाही. तिला फक्त एक दिवस मिळाला, घड्याळासकट. मुलीच्या गोष्टीत आई आतापर्यंत ‘न उचललेला फोन’ एवढीच होती.

तुम्हाला मी हेच करायला सांगणार आहे. कसं ते नीट सांगते, कारण यात घाई केली तर उलटं होतं.

एक वही घ्या. दादांचा एक दिवस लिहा, ‘मी’ म्हणून, म्हणजे दादा स्वतः सांगताहेत असा. आजचा नको, पुण्यातल्या तुमच्या काळातला एखादा निवडा. माझ्या मनात २०२१ चं वर्ष येतंय. त्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. मग नवा माल यायची वेळ झाली आणि भाव झपाट्यानं उतरला, त्यातच सप्टेंबरअखेर मराठवाडाभर अतिवृष्टी झाली आणि कितीतरी शेतांत काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं राहिलं. त्या ऑक्टोबरमधला एक दिवस घ्या. नियम एकच, तुम्हाला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहायचं, आणि जे माहीत नाही तिथं ओळ रिकामी सोडायची. साधारण असं: ‘सकाळी ___ ला उठलो. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती की दिवसाची, ___. वावरात पाणी होतं. मळणीयंत्रवाल्यानं ___ मागितले. सोयाबीन ___ क्विंटल झालं, ___ भावानं गेलं. धाकट्याला खोलीभाडं आणि मेसचे पैसे पाठवायचे होते, ते ___ कडून घेतले.’

भावना लिहू नका. ‘मला धाकट्याचा राग आला’ असं दादांच्या तोंडी घालायचा मोह होईल, पण ते दादांचं नसेल, तुमचंच असेल. फक्त कामं, वेळा, रकमा, माणसं. लिहून झालं की रिकाम्या जागा मोजा. माझा अंदाज आहे की त्या लिहिलेल्या ओळींपेक्षा जास्त निघतील. त्या रिकाम्या जागा म्हणजे दादांबद्दल तुम्हाला जे माहीत नाही ते, आणि आजवर त्या तुम्ही ‘खलनायक’ या एका शब्दानं भरत होता.

दुसऱ्याच्या तोंडून ‘मी’ म्हणणं आपल्या भागाला नवीन नाही. पैठणच्या एकनाथांनी १६ व्या शतकात भारुडं लिहिली ती जोशी, गोंधळी, महार, सासुरवाशीण अशा कितीतरी जणांच्या तोंडून. गावात भारूड करणारा माणूस सोंग घेतो तेव्हा त्या माणसाची चाल, बोली, काम, सगळं अंगावर घेतो. ‘जावं त्याच्या वंशा’ म्हणतात, तिथं जाण्याचा हा एक साधा रस्ता आहे. संशोधनाची जोड हवी असेल तर हीही घ्या. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ताणाच्या प्रसंगी माणूस ‘मी’ऐवजी स्वतःला नावानं संबोधून विचार करतो, तेव्हा त्याला थोडं अंतर मिळतं आणि ताण कमी जाणवतो. म्हणून वहीच्या दुसऱ्या भागात तुमचा एक दिवस तुमचं नाव वापरून लिहा, जणू गावातल्या कुणा समंजस माणसानं बघितलाय. दादांना ‘मी’ आणि स्वतःला ‘तो’. दोन्ही एकाच वहीत असू द्या.

मग विचारायचं. दादांना समोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हणू नका. आपल्याकडचे पुरुष असं बोलत नाहीत, ते लगेच उठतात नाहीतर उपदेश सुरू करतात. बरोबरीनं काम करताना विचारा, पाइप बदलताना, फवारणीचा पंप भरताना. एका वेळी एकच रिकामी जागा. ‘दादा, त्या वर्षी सोयाबीन कितीला गेलं?’ ‘मला पैसे पाठवायचास तेव्हा कुणाकडून घ्यायचास?’ ‘तू कॉलेज कधी सोडलंस, आबांनी सांगितलं का तूच?’ यात आरोप नाही आणि माफीही नाही. ते म्हणतील, ‘तुला कशाला पाहिजे आता ते?’ तर तिथंच सोडा. चार दिवसांनी दुसरी जागा विचारा. आधी वहिनींना विचारणं सोपं जात असेल तर तिथून सुरू करा, घरातले हिशेब बहुधा त्यांना जास्त पाठ असतात.

यातून काय निघेल ते मी सांगू शकत नाही. एक शक्यता मात्र आधीच दाखवून ठेवते. ‘साहेब’ हे दादा पहिल्यांदा कधी म्हणाले? तुम्ही पुण्याच्या गाडीत बसलात तेव्हा म्हणाले होते का? तसं असेल तर सहा-सात वर्षांपूर्वी अभिमानानं सुरू झालेली सवय आज तुम्हाला टोचतेय, आणि कदाचित त्यांना स्वतःलाही टोचत असेल, पण पाहुण्यांसमोर दुसरं काय बोलावं ते सुचत नसेल. किंवा तो खरोखरच टोमणा असेल, कारण दादांच्या गोष्टीतलं मुख्य पात्र दादा आहेत आणि तिथं तुम्ही ‘ज्याच्यासाठी सगळं केलं आणि जो आता शेतात येत नाही’ असे आहात. दोन्ही शक्य आहे. दोन्ही एकाच वेळीही शक्य आहे. तुम्ही कुणाच्या तरी गोष्टीत दुय्यम पात्र आहात, आणि तिथं तुमची बाजू कुणी लिहिलेली नाही. हे मी अनेकांना सांगितलंय, आणि बहुतेकांना आधी त्याचा त्रास होतो, मग थोडं हलकं वाटतं.

आता हे कुठं लागू पडत नाही ते सांगते, कारण या विचाराचा दुरुपयोगही मी पुष्कळ पाहिलाय. समोरच्याच्या आत शिरून बघणं म्हणजे त्याचं वागणं मान्य करणं नव्हे. मार खाणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यापैकी काहींना नवऱ्याचं बालपण, त्याचं दारूचं कारण, त्याच्या बापाचा मार, सगळं अगदी तोंडपाठ असतं. नवऱ्याचं पात्र त्यांनी इतकं आतून समजून घेतलेलं असतं की स्वतःच्या अंगावरचे वळ गोष्टीतून पुसले जातात. त्यांना मी दादांच्या दिवसासारखा सराव कधीच देत नाही. तिथं आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं. तुमच्या घरात मारहाण, धमकी किंवा फसवणूक असं काही असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

शेताच्या वाटणीचा प्रश्न आत कुठं असेल तर तोही वेगळा ठेवा. तुमच्या पत्रात एका ठिकाणी ‘दादाचंच सगळं चालतं’ असं आहे, म्हणून विचारते. सातबारा, फेरफार, कुणाच्या नावावर काय, कर्जाचा बोजा किती, हे कागद घेऊन बसायचं काम आहे आणि जरूर तर वकिलाला विचारायचं काम आहे. एकमेकांच्या गोष्टी समजून घेतल्या म्हणून वाटणी होत नाही. आणि वाटणीचा हिशेब मनात लपवून ‘मला तुझी बाजू समजून घ्यायचीय’ म्हणत गेलात तर दादांना ते पहिल्या वाक्यात कळेल.

तिसरी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. सतत चालणाऱ्या त्या निवेदनात मरणाचे विचार येत असतील, भूक आणि झोप बरेच दिवस बिघडली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ही वही पुरणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र लागतो. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ भेटतात. नैराश्य असताना माणसाला स्वतःची गोष्ट काळीच दिसते, आणि त्या वेळी गोष्ट बदलायचा हट्ट धरला तर ओझं वाढतं. आधी उपचार, वही नंतर.

तुमच्या स्वतःच्या पात्राबद्दल दोन शब्द राहिले. तुमची गोष्ट दोन तुकड्यांत आहे, पुण्याआधी आणि पुण्यानंतर. आमच्या औसा आणि उमरगा भागात असं बोलणारी माणसं आहेत, ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत कोसळली. तिथं आयुष्याचे खरंच दोन तुकडे झाले, ते कुणी मनानं केलेले नाहीत. तरी त्या माणसांच्या सांगण्यात मला फरक ऐकू येतो. काहींच्या सांगण्यात त्या पहाटेनंतर सगळं नासलं, पुढची लग्नं, नातवंडं, नवं घर, काही मोजलंच जात नाही. काहींच्या सांगण्यात तेवढंच दुःख असतं, पण पुढची वर्षंही त्यांच्या आयुष्यातच धरलेली असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स यांनी माणसांच्या आयुष्यकथा तपासताना हे दोन प्रकार वेगळे केले आहेत. चांगल्यातून वाईटाकडे जाऊन तिथंच थांबणारी कथा, आणि वाईटातून काहीतरी पुढं काढणारी. दुसऱ्या प्रकारे सांगणारी माणसं सरासरीनं जास्त समाधानी आढळली.

पण म्हणून कुणाला ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं सांगायला जाऊ नका, आणि स्वतःलाही सांगू नका. ढिगाऱ्याखाली लेकरू गेलेल्या बाईला ते वाक्य ऐकवणं क्रूरपणा आहे. तुमची सहा वर्षं गेली, पैसे गेले, आत्मविश्वास गेला. ते नुकसानच आहे, त्याला नुकसानच म्हणा. फक्त गेल्या वर्षापासूनचे दिवस मोजायला सुरुवात करा. जोनाथन अॅडलर यांनी २०१२ मध्ये उपचार घेणाऱ्या ४७ जणांकडून उपचारादरम्यान वेळोवेळी त्यांची गोष्ट लिहून घेतली. आधी गोष्टीत ‘हे मी केलं, हे मी ठरवलं’ अशी वाक्यं वाढली, आणि मन त्यानंतर सुधारत गेलं. बरं वाटल्यावर तसं लिहू, अशी वाट त्यांनी पाहिली नव्हती. तुम्ही परत आल्यापासून काय काय केलंत ते पत्रात कुठंच नाही. पुतण्याचा अभ्यास घेत असाल, पीक विम्याचा अर्ज भरला असेल, गावातल्या कुणाचं महाडीबीटीचं काम करून दिलं असेल. वहीच्या तिसऱ्या भागात फक्त तेवढं लिहा, रोजच्या तारखेनं, कर्ता ‘मी’.

आणि त्या रीलमधलं ‘मेन कॅरॅक्टर’? स्वतःला नगण्य मानणाऱ्या, सगळ्यांचं ऐकत आयुष्य काढलेल्या माणसाला ते वाक्य थोडं बळ देईल. तुमची गरज उलटी आहे. तुमच्या गोष्टीत मुख्य पात्राची जागा तुम्हाला आधीपासून भरपूर आहे. जागा आईंना नाही. त्या ‘कोपऱ्यात गप्प’ आहेत असं तुम्ही लिहिलंत. दोन मुलांच्या मधे बसलेली बाई गप्प का असते, ती कुणाशी बोलते, तुम्ही दोघं घरात नसताना काय म्हणते, यासाठी वहीत एक पान वेगळं ठेवा. दादांइतकं ते अवघड जाणार नाही, भाकरी करताना जवळ जाऊन बसलं तरी चालतं.

हे सगळं व्हायला काही महिने लागतील. पाहुणे मात्र उद्याही येतील, म्हणून एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. चारचौघांत नको, तिथं उत्तर देऊ नका आणि उठूनही जाऊ नका. पाहुणे गेल्यावर, दादा एकटे असताना, एवढंच म्हणा, ‘दादा, लोकांसमोर मला साहेब म्हणू नकोस, मला लागतं ते.’ कारण विचारलं तर कारण सांगा, नाही विचारलं तर तिथंच थांबा. दादांचा दिवस लिहून व्हायची, त्यांची बाजू पूर्ण कळायची वाट यासाठी बघायची नाही. तुम्हाला लागतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल, तर त्यांच्याही गोष्टीत तुमची ती ओळ आज रिकामीच आहे.